पॉल ब्रोका

पिएर पॉल ब्रोका (जन्म : २८ जून १८२४, मृत्यू : ९ जुलै १८८०) हे फ्रेंच शल्यचिकित्सक, शरीररचनाशास्त्रज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ होते. मेंदूच्या डाव्या गोलार्धातील ललाटखंडाच्या एका विशिष्ट भागाला इजा झाल्यास माणसाची बोलण्याची क्षमता नष्ट होते, हे त्यांनी १८६१ ते १८६५ या काळात रुग्णांच्या निरीक्षणातून आणि शवविच्छेदनातून दाखवून दिले. हा भाग आज ‘ब्रोकाचे क्षेत्र’ या नावाने ओळखला जातो. भाषेसारखी अमूर्त क्षमता मेंदूच्या रचनेशी कशी जोडलेली आहे, याचा शास्त्रीय अभ्यास त्यांच्या या कामापासून सुरू झाला असे मानले जाते. कवटी आणि मेंदूच्या मापांवरून माणसांच्या बुद्धीची प्रतवारी लावण्याचा त्यांचा प्रयत्न मात्र पुढे चुकीचा ठरला.

बालपण आणि शिक्षण

ब्रोका यांचा जन्म नैर्ऋत्य फ्रान्समधील बोर्दो शहराजवळच्या सेंत-फोय-ला-ग्राँद या छोट्या गावी एका प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. त्यांचे वडील बेंजामिन हे डॉक्टर होते आणि त्यांनी नेपोलियनच्या सैन्यात शल्यचिकित्सक म्हणून काम केले होते. आई एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाची कन्या होती. गावातच शालेय शिक्षण पूर्ण करून ब्रोका यांनी सोळाव्या वर्षी पदवी मिळवली. गणित आणि भौतिक विज्ञानांत त्यांना विशेष गती होती. मोजमापाची ही आवड त्यांच्या पुढील सर्व कामात दिसते.

१८४१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ते वैद्यकीय शिक्षणासाठी पॅरिसला गेले. तेथे फिलिप रिकोर, फ्रांस्वा लरे, पिएर-निकोला झेर्दी अशा नामवंत चिकित्सकांच्या हाताखाली त्यांनी काम केले. १८४९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. १८५३ मध्ये ते पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेत सहयोगी प्राध्यापक आणि रुग्णालयीन शल्यचिकित्सक झाले. १८६८ मध्ये त्यांची प्राध्यापकपदी नेमणूक झाली.

१८५७ मध्ये त्यांचा विवाह अदेल ऑगुस्तीन ल्यूगोल यांच्याशी झाला. अदेल यांचे वडील झाँ ल्यूगोल हे आयोडीनच्या प्रसिद्ध द्रावणाचे जनक होते. ब्रोका दांपत्याला एक मुलगी आणि दोन मुलगे झाले. दोन्ही मुलगे पुढे वैद्यकीय क्षेत्रात प्राध्यापक झाले.

शल्यचिकित्सेतील कार्य

मेंदूच्या अभ्यासाकडे वळण्यापूर्वीच ब्रोका यांना शल्यचिकित्सक म्हणून मान्यता मिळाली होती. सूक्ष्मदर्शकाचा वैद्यकीय निदानासाठी उपयोग करण्याचा आग्रह धरणाऱ्या तरुण डॉक्टरांपैकी ते एक होते. कर्करोगाच्या पेशी रक्तवाहिन्यांत शिरून शरीरभर पसरतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या आधारे मांडले. रोहिणीविस्फारावरील त्यांचा ग्रंथ १८५६ मध्ये प्रसिद्ध झाला, तर १८६६ पासून गाठींवरील ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला. एकाच कुटुंबाच्या अनेक पिढ्यांत स्तनाचा कर्करोग कसा आढळतो, याची वंशावळही त्यांनी नोंदवली. आनुवंशिक कर्करोगाच्या सर्वांत जुन्या सविस्तर नोंदींत तिची गणना होते. १८५९ मध्ये संमोहनाखाली एक लहान शस्त्रक्रिया करण्याचा प्रयोगही त्यांनी सहकाऱ्यासह केला.

मानवशास्त्र संस्थेची स्थापना

१८५९ मध्ये ब्रोका यांनी पॅरिसमध्ये मानवशास्त्र संस्थेची स्थापना केली. ससा आणि रानससा यांच्या संकरावरील त्यांचे संशोधन एका जुन्या विद्वत्सभेला वादग्रस्त वाटले होते. अशा विषयांवर मोकळी चर्चा करता यावी, हा नव्या संस्थेचा हेतू होता. तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत अशा मंडळींकडे संशयाने पाहिले जात असे. संस्थेत राज्यव्यवस्था, धर्म किंवा समाजव्यवस्थेविरुद्ध काही बोलले जाऊ नये यासाठी बैठकांना पोलिसांचा माणूस हजर राहत असे. १८७२ मध्ये ब्रोका यांनी मानवशास्त्राचे एक नियतकालिक सुरू केले आणि १८७६ मध्ये मानवशास्त्राचे विद्यालय उघडले. भाषेच्या केंद्राचा वाद याच संस्थेच्या बैठकांत रंगला.

वादाची पार्श्वभूमी

मेंदूचे निरनिराळे भाग निरनिराळी कामे करतात का, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून चर्चेत होता. व्हिएन्नाचे डॉक्टर फ्रान्झ योसेफ गाल यांनी प्रत्येक मानसिक शक्तीला मेंदूत स्वतंत्र जागा असल्याचे सांगितले होते. शब्दांची स्मृती डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या पुढील भागात असते असे त्यांचे मत होते. मात्र कवटीवरील उंचवटे चाचपून स्वभाव ओळखता येतो असाही त्यांचा दावा होता आणि त्यामुळे त्यांची सर्वच मांडणी बदनाम झाली. दुसरीकडे, पिएर फ्लूराँ यांनी पक्षी व प्राण्यांवर प्रयोग करून मोठा मेंदू एकसंधपणे काम करतो असा निष्कर्ष काढला होता. फ्रान्समध्ये बराच काळ याच मताचे वजन होते.

गाल यांच्या कल्पनेतील एक भाग झाँ-बाप्तिस्त बूयो यांनी सोडला नव्हता. वाणीचे नियंत्रण मेंदूच्या ललाटखंडात असते असे ते १८२५ पासून सांगत होते. ललाटखंड शाबूत नसतानाही बोलू शकणारा रुग्ण दाखवणाऱ्यास त्यांनी ५०० फ्रँकचे बक्षीसही जाहीर केले होते. १८६१ च्या वसंत ऋतूत त्यांचे जावई एर्नेस्त ओबेर्ताँ यांनी हाच पक्ष मानवशास्त्र संस्थेत मांडला. पिएर ग्रासिओले यांनी त्याला विरोध केला. ओबेर्ताँ यांनी जाहीर केले, की वाचा गेलेल्या एका तरी रुग्णाचा ललाटखंड निरोगी आढळला तर ते आपले मत मागे घेतील. ब्रोका यांनी तोवर कोणत्याही बाजूने ठाम भूमिका घेतली नव्हती.

लेबोर्न याचा रुग्णेतिहास

११ एप्रिल १८६१ रोजी पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात ब्रोका यांच्या शस्त्रक्रिया विभागात एका ५१ वर्षांच्या रुग्णाला आणण्यात आले. त्याच्या उजव्या पायाला कोथ झाला होता. तो २१ वर्षे याच रुग्णालयात राहत होता. त्याला काहीही विचारले तरी तो ‘ताँ’ हे एकच अक्षर बहुधा दोनदा उच्चारत असे. त्यामुळे रुग्णालयात सर्व जण त्याला त्याच नावाने ओळखत. फार चिडला तर एखादी शिवी मात्र त्याच्या तोंडून बाहेर पडे.

त्याचे खरे नाव लुई व्हिक्टर लेबोर्न होते. लहानपणापासून त्याला अपस्माराचे झटके येत. तरीही तो चांभारांना लागणारे लाकडी साचे बनवण्याचा व्यवसाय करत असे. वयाच्या तिसाव्या वर्षाच्या सुमारास त्याची वाचा गेली. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी त्याचा उजवा हात लुळा पडू लागला. पुढे उजवा पायही निकामी झाला आणि अखेरची काही वर्षे तो अंथरुणाला खिळून होता.

ब्रोका यांनी त्याची बारकाईने तपासणी केली. त्याची जीभ, ओठ आणि घसा यांच्या हालचाली शाबूत होत्या. त्याला ऐकू येत होते आणि विचारलेले बहुतेक कळत होते. रुग्णालयात किती वर्षे झाली, याचे उत्तर तो बोटांनी देई. घड्याळातील वेळही त्याला सांगता येत असे. म्हणजे बोलण्याची इंद्रिये होती आणि समजही होती, पण विचाराला उच्चारित शब्दाचे रूप देणारा दुवा नष्ट झाला होता. ब्रोका यांच्या मते ही भाषेची सर्वसाधारण शक्ती नव्हती. शब्द उच्चारण्यासाठी लागणाऱ्या सुसूत्र हालचालींची स्मृती राखणारी ती एक विशेष शक्ती होती. ओबेर्ताँ यांचे आव्हान तपासण्याची ही संधी आहे हे ओळखून ब्रोका यांनी त्यांनाही रुग्ण पाहण्यास बोलावले. रुग्णाच्या ललाटखंडात बिघाड असणार, असे भाकीत ओबेर्ताँ यांनी केले.

१७ एप्रिल रोजी लेबोर्नचा मृत्यू झाला. शवविच्छेदनानंतर दुसऱ्याच दिवशी ब्रोका यांनी त्याचा मेंदू मानवशास्त्र संस्थेपुढे ठेवला. डाव्या गोलार्धात मेंदूचा मोठा भाग मऊ पडून नाहीसा झाला होता. सर्वांत जुनी इजा ललाटखंडाच्या तिसऱ्या वळीच्या मागील भागात असावी, असे ब्रोका यांनी इजेच्या स्वरूपावरून आणि आजाराच्या क्रमावरून ठरवले. आधी वाचा, मग हात आणि मग पाय हा क्रम इजा हळूहळू पसरत गेल्याचे दर्शवत होता. सविस्तर लेख त्याच वर्षी शरीररचना संस्थेच्या वृत्तान्तात प्रसिद्ध झाला. या विकाराला त्यांनी ‘आफेमी’ असे नाव दिले. १८६४ मध्ये आर्माँ त्रूसो यांनी सुचवलेले ‘अफेजिया’ हे नाव पुढे रूढ झाले. मराठीत त्यास वाचाघात म्हणतात.

ब्रोका यांनी लेबोर्नचा मेंदू कापून पाहिला नाही. आतील इजा तपासण्याचा मोह टाळून त्यांनी तो अखंड अवस्थेत मद्यार्कात जतन केला आणि पॅरिसच्या संग्रहालयात ठेवला. या निर्णयाचे महत्त्व जवळपास दीड शतकानंतर लक्षात आले.

डाव्या गोलार्धाचा शोध

काही महिन्यांतच ब्रोका यांना दुसरा रुग्ण मिळाला. लेलाँ नावाच्या ८४ वर्षांच्या या मजुराकडे मोजून पाच शब्द उरले होते, त्यांत एक त्याच्या नावाचा अपभ्रंश होता. ‘तीन’ या अर्थाचा एकच शब्द तो सर्व संख्यांसाठी वापरत असे, पण खरी संख्या बोटांनी बरोबर दाखवत असे. त्याच्या मेंदूतील इजा लेबोर्नच्या तुलनेत लहान होती आणि तीही त्याच भागात होती.

१८६३ पर्यंत ब्रोका यांच्याकडे अशा आठ रुग्णांच्या नोंदी जमल्या. त्या सर्वांची इजा डाव्या बाजूला होती. मेंदूचे दोन्ही अर्धे दिसायला सारखे असल्याने त्यांची कामेही सारखीच असावीत, असा तेव्हाचा सर्वमान्य समज होता. त्यामुळे ब्रोका यांनी निष्कर्षाची घाई केली नाही. १८६५ मध्ये मात्र त्यांनी उच्चारित भाषेचे काम मुख्यतः डाव्या गोलार्धाकडे असते हे स्पष्टपणे मांडले.

त्यांचे स्पष्टीकरण केवळ जागा दाखवून थांबत नव्हते. डाव्या गोलार्धाची वाढ लवकर होते, म्हणून बालक बोलण्यासारखे अवघड कौशल्य त्या बाजूने शिकते, जसे बहुतेक माणसे लिहिण्याचे काम उजव्या हाताने शिकतात, असे त्यांचे मत होते. काही माणसे डावखुरी असतात, त्याप्रमाणे काहींच्या बाबतीत उजवा गोलार्ध भाषेचे काम करत असावा, असेही त्यांनी सुचवले. लहानपणीच डाव्या बाजूला इजा झाली तर उजवी बाजू ते काम शिकून घेऊ शकते, हेही त्यांनी नोंदवले. वाचा गेलेल्या प्रौढांना मुलांप्रमाणे पुन्हा बोलायला शिकवावे, असा विचार त्यांनी मांडला आणि तसा प्रयत्नही केला.

अग्रक्रमाचा वाद

डाव्या गोलार्धाच्या शोधाचे श्रेय कोणाचे, यावरून वाद झाला. दक्षिण फ्रान्समधील डॉक्टर मार्क दाक्स यांनी १८३६ मध्ये चाळीसहून अधिक रुग्णांच्या आधारे हाच निष्कर्ष लिहून ठेवला होता. त्यांच्या मृत्यूनंतर मुलगा ग्युस्ताव्ह दाक्स याने १८६३ मध्ये हा निबंध आपल्या निरीक्षणांसह पॅरिसच्या वैद्यक अकादमीकडे पाठवला. तो १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ निबंध माँपेलिए येथील परिषदेत वाचला गेल्याचा पुरावा ब्रोका यांना चौकशी करूनही मिळाला नाही. आज अनेक इतिहासकार दोघांनाही श्रेय देतात. दाक्स यांचे निष्कर्ष रुग्णांच्या लक्षणांवर आधारित होते, तर ब्रोका यांनी इजेची नेमकी जागा दाखवली.

कवटी आणि मेंदूची मापे

ज्या काळात ब्रोका वाचाघाताचा अभ्यास करत होते, त्याच काळात त्यांनी मेंदूचे आकारमान आणि बुद्धी यांचा संबंध आहे हा पक्षही संस्थेत लढवला. कवटी मोजण्याची अनेक उपकरणे त्यांनी तयार केली आणि मोजमापाच्या पद्धती निश्चित केल्या. युरोपीय, पुरुष आणि प्रतिष्ठित व्यक्ती यांचे मेंदू मोठे असतात व त्यामुळे ते श्रेष्ठ ठरतात, असे त्यांचे मत होते. मानववंशांचे मूळ एकच नाही या मताकडेही त्यांचा कल होता.

पॅरिसच्या रुग्णालयांतील शवविच्छेदनांतून त्यांनी २९२ पुरुषांच्या मेंदूंचे सरासरी वजन १,३२५ ग्रॅम आणि १४० स्त्रियांच्या मेंदूंचे १,१४४ ग्रॅम नोंदवले. शरीराच्या आकारमानामुळे यातील काही फरक पडतो हे त्यांना ठाऊक होते. तरीही स्त्रिया सरासरीने कमी बुद्धिमान असतात हे आधीच गृहीत धरून त्यांनी उरलेला फरक बुद्धीशी जोडला. अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात ही आकडेवारी पुन्हा तपासली. ब्रोका यांची मापे काळजीपूर्वक घेतलेली होती, पण निष्कर्ष आधी ठरवून आकड्यांचा अर्थ त्याप्रमाणे लावला गेला, असे गूल्ड यांनी दाखवले. उंची आणि वय विचारात घेतल्यावर स्त्री-पुरुषांमधील फरक बराच कमी होतो. ब्रोका यांच्या मापनपद्धती पुढे वंशभेदाच्या समर्थनासाठीही वापरल्या गेल्या. वाचाघाताच्या बाबतीत एका प्रतिकूल रुग्णाने आपले मत खोटे ठरू शकते ही अट वादाच्या सुरुवातीलाच मान्य झाली होती. कवटीच्या बाबतीत अशी अट कोणी घातली नाही.

इतर संशोधन

१८६७ मध्ये ब्रोका यांनी पेरूमधून आणलेल्या इंका काळातील एका कवटीचा अभ्यास केला. तिच्यावर चौकोनी छेद होता. हाडावरील खुणांवरून ही शस्त्रक्रिया जिवंत माणसावर झाली होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८७१ मध्ये त्यांनी वाचाघाताच्या लक्षणावरून कवटीखालील गळवाची जागा ठरवून तेथे शस्त्रक्रिया केली. रुग्ण वाचला नाही, परंतु मेंदूतील केंद्रांच्या ज्ञानावर आधारित ही पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. १८७८ मध्ये त्यांनी सस्तन प्राण्यांच्या मेंदूच्या आतील कडेवरील भागाचे वर्णन करून त्यास ‘मोठा लिंबिक खंड’ असे नाव दिले. भावनांशी संबंधित ‘लिंबिक संस्था’ हे नाव त्यावरूनच आले.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

१८८० च्या प्रारंभी ब्रोका यांची फ्रेंच सिनेटवर तहहयात सदस्य म्हणून निवड झाली. मुलींसाठी सरकारी माध्यमिक शाळा उघडण्याच्या विधेयकावर त्यांनी सिनेटच्या समितीसाठी काम केले. स्त्रियांच्या मेंदूविषयीची त्यांची मते आणि मुलींच्या शिक्षणाला त्यांनी दिलेला पाठिंबा यांतील विसंगती चरित्रकारांनी नोंदवली आहे. तो कायदा डिसेंबर १८८० मध्ये मंजूर झाला, पण ते पाहण्यास ब्रोका हयात नव्हते. ९ जुलै १८८० रोजी वयाच्या ५६ व्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांचे आकस्मिक निधन झाले. त्यांच्या मेंदूचे वजन १,४२४ ग्रॅम भरले. तो पॅरिसमध्ये जतन करण्यात आला.

पुढील संशोधन

१८७४ मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी दुसऱ्या प्रकारच्या वाचाघाताचे वर्णन केले. त्यात रुग्ण अस्खलित बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणे त्याला कळत नाही. यात इजा डाव्या शंखखंडाच्या मागील भागात, कानाच्या वरच्या बाजूला असते. यावरून भाषा एका केंद्रात नसून अनेक केंद्रे आणि त्यांना जोडणारे तंतू यांच्या सहकार्यातून निर्माण होते, ही कल्पना पुढे आली.

ब्रोकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाचाघातात रुग्ण अडखळत, तुटक बोलतो. शब्दांना जोडणारे प्रत्यय आणि क्रियापदांची रूपे गळतात. मराठीत उदाहरण द्यायचे तर ‘मी काल बाजारातून भाजी आणली’ या वाक्याऐवजी ‘काल... बाजार... भाजी’ असे काहीसे ऐकू येईल. त्यामुळे या क्षेत्राचा संबंध केवळ उच्चाराशी नसून व्याकरणाशीही असावा, असे मत विसाव्या शतकात मांडले गेले. कर्णबधिर व्यक्तींच्या डाव्या गोलार्धाला इजा झाल्यास त्यांची हातवाऱ्यांची सांकेतिक भाषाही अशाच प्रकारे बिघडते, असे १९८० च्या दशकातील अभ्यासांत दिसले. डावा गोलार्ध केवळ आवाजाशी नव्हे, तर भाषेच्या रचनेशी बांधलेला आहे, याचा हा महत्त्वाचा पुरावा ठरला. ब्रोका यांचा डावखुऱ्यांविषयीचा अंदाज अंशतःच खरा निघाला : बहुसंख्य डावखुऱ्या माणसांमध्येही भाषेचे काम डावा गोलार्धच करतो.

२००७ मध्ये संशोधकांनी लेबोर्न आणि लेलाँ यांचे जतन केलेले मेंदू चुंबकीय प्रतिमांकन यंत्राद्वारे तपासले. दोघांच्याही मेंदूतील इजा ब्रोका यांना पृष्ठभागावर दिसली त्यापेक्षा बरीच खोल होती. मेंदूच्या पुढील आणि मागील भागांना जोडणारे तंतूही तुटलेले होते. त्याआधी १९७० च्या दशकातच, इजा केवळ ब्रोकाच्या क्षेत्रापुरती मर्यादित असेल तर वाचा बहुधा काही काळाने परत येते, असे दिसून आले होते. म्हणजे लेबोर्नचे मौन एका वळीच्या नाशामुळे नव्हे, तर संपूर्ण जाळे तुटल्यामुळे कायमचे झाले होते. ब्रोका यांनी मेंदू अखंड ठेवल्यामुळेच त्यांच्या निष्कर्षातील ही दुरुस्ती शक्य झाली.

लेबोर्नचे पूर्ण नाव आणि पूर्वायुष्य बराच काळ अज्ञात होते. वैद्यकीय ग्रंथांतून तो त्याच्या एकमेव अक्षरानेच ओळखला जाई. २०१३ मध्ये जुन्या दप्तरांच्या शोधातून त्याचे पूर्ण नाव आणि जन्मगाव प्रकाशात आले.

स्मृती

पॅरिसमधील एका रस्त्याला आणि एका रुग्णालयाला ब्रोका यांचे नाव देण्यात आले आहे. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ फ्रेंच शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या नावांत त्यांचे नाव आहे. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका पुस्तकाचे शीर्षक पॅरिसच्या संग्रहालयात पाहिलेल्या ब्रोका यांच्या मेंदूवरून ठेवले.